आमच्या गावात ऊस होत नाही

चूक माझी होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण उशीर केला की मला कारणं सुचायला लागतात आणि त्यात मी तरबेज आहे. सलग तीन वर्षं मी सहावी ते आठवीच्या इंग्रजीचं वार्षिक नियोजन दुसऱ्याच्या फाइलवरून उतरवलं आणि खाली माझी सही केली. त्यातून एका मुलीचं शिक्षण आठवीलाच थांबायची वेळ आली.

वार्षिक नियोजन म्हणजे काय, ते शाळेबाहेरच्या लोकांना माहीत नसतं आणि त्यांचं त्यावाचून काही अडतही नाही. जूनमध्ये शाळा उघडली की प्रत्येक शिक्षकाने वर्षभराचा हिशोब मांडायचा. कोणत्या महिन्यात कोणता धडा, सुट्ट्या वजा जाता किती तासिका, प्रकट वाचन कधी, पत्रलेखन कधी, संवाद कधी, मागे पडलेल्या मुलांसाठी काय. मग मुख्याध्यापक सही करतात, केंद्रप्रमुख आले की ते सही करतात आणि फाइल कपाटात जाते. त्यानंतर वर्षभर नियोजन त्याच्या जागी असतं आणि आपण आपल्या.

माझ्याबरोबर डी.एड. केलेला एक मित्र घाटावर शिक्षक आहे. चार वर्षांपूर्वी जूनमध्ये मला ताप होता (हे कारण झालं, तरी लिहितो) आणि मी त्याला फोन करून त्याचं नियोजन मागवलं. त्याने लगेच पाठवलं. पानांना चारी बाजूंनी गुलाबाच्या वेलीची चौकट होती. मी शाळेचं नाव बदललं, शिक्षकाचं नाव बदललं, वर्ष बदललं. गुलाब ठेवले.

नियोजन चांगलं होतं, हे आता कळतं. माझ्या मित्राच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडणीला जातात आणि पोरंही बरोबर नेतात. म्हणून त्याने अवघड काम सगळं दिवाळीच्या आत घेतलं होतं. जुलैत प्रत्येक मुलाचं प्रकट वाचन ऐकायचं, एकेकाचं, नीट. दिवाळीनंतर जी मुलं तोडणीवरून मधेच परत येऊन वाचनात मागे पडतील अशा दहा जणांसाठी जादा वाचनाचे तास. डिसेंबरात क्षेत्रभेट, साखर कारखाना. त्याने आपल्या मुलांची तोंडं समोर ठेवून ते लिहिलं होतं.

आमची शाळा दिघीहून बोर्ली पंचतनला जाताना मुख्य रस्ता सोडून आत आहे. इथे भात होतं. ऊस पाहायचा तर बोर्लीच्या रसवंतीत. आमच्याकडे मुलं दिवाळीनंतर कुठे जात नाहीत. ती जातात जुलैत, लावणीला, आणि तीही घरासमोरच्याच शेतात. शाळेच्या खिडकीतून ती दिसतात. जुलैत माझ्या वर्गात चार मुलं असतात आणि त्यांतली दोन अंगणवाडीच्या बाईंची. त्या चौघांचं प्रकट वाचन मी ऐकायचो आणि रकान्यात 'पूर्ण' असं लिहायचो. साखर कारखान्याची भेटही पूर्ण झालेली आहे. अहवालात लिहिलंय, 'विद्यार्थ्यांनी साखर तयार होण्याची प्रक्रिया पाहिली व नवीन इंग्रजी शब्द उत्साहाने सांगितले.' असे तीन अहवाल आहेत. तिसऱ्यात मी उत्साहाच्या जागी कुतूहल घातलं, तेवढाच बदल.

केंद्रप्रमुखांनी तिन्हींवर सही केली होती. ते स्वतः इथलेच, आयुष्य खाडीकाठी गेलेलं. पण दिवसाला चार शाळा करायच्या म्हटलं की माणूस अहवालाची जाडी बघतो.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत मात्र त्यांनी माझी फाइल उघडून मधलं एक पान वाचलं. त्या दिवशी त्यांची मोटारसायकल पंक्चर झाली होती आणि पंक्चरवाला येईपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"गुरुजी, हे जादा वाचनाचे तास. दहा विद्यार्थी. चालू आहेत?"

"चालू आहेत, साहेब."

"यादी कुठाय?"

"लिहायची राहिलीय."

"मग लिहा की. आणि बाहेर फलकावर लावा. शाळा काहीतरी करते हे पालकांना दिसायला नको?"

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, समोर शालेय पोषण आहाराची नोंद करत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. 'साहेब, हे माझं नाही' एवढंच वाक्य मला म्हणायचं होतं. चार शब्द. मी म्हणालो, "आजच लावतो."

दहा जण हवे होते, कारण मित्राच्या गावात दहा होते. तो आकडा मी कधी बदललाच नव्हता. सहावी ते आठवीत मिळून एकतीस मुलं. खरोखर अडखळत वाचणारी आठ निघाली. दोन कमी पडत होती. मी जुलैची हजेरी काढली आणि ज्यांचे खाडे जास्त ती नावं बघू लागलो. आठवीतल्या एका मुलीचे एकोणीस खाडे होते. आधी घरची लावणी, मग मामाकडची. तिचं नाव नववं घातलं. दहावं एका मुलाचं घातलं, जो नोव्हेंबरातच आईबापांबरोबर मुंबईला गेला होता आणि पटावर अजून होता. त्याच्याकडून तक्रार येण्याची शक्यता नव्हती.

वर मथळा लिहिला, 'हंगामी अनुपस्थितीमुळे वाचनात मागे पडलेले विद्यार्थी'. अक्षर माझं चांगलं आहे. सगळे म्हणतात.

आता त्या मुलीबद्दल. आमच्या शाळेत तिच्याइतकं चांगलं इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं, आणि त्यात मी स्वतःलाही धरतो. दिघीच्या जेट्टीवर फेरीबोटीच्या सूचनांचा मोठा इंग्रजी फलक आहे. तो तिने पाचवीत असताना पाठ केला होता आणि आगरदांड्याला मावशीकडे जाताना बोटीत मोठ्याने म्हणायची, असं तिची आई सांगायची. बोटीवरच्या माणसाने एकदा तिला विचारलं होतं, "काय गं, तूच चालवतेस का बोट?" मला शाळेत सारखी कसली ना कसली माहिती फोनवरून भरून पाठवावी लागते. अशा वेळी मी तिला म्हणायचो, "पुढचा धडा तू वाचून दाखव." ती उभी राहून वाचायची, खालच्या वर्गातली पोरं ऐकायची, आणि मी शौचालयांची संख्या भरत असायचो. म्हणजे माझा निम्मा तास तीच घ्यायची.

बाहेरचा फलकही तिच्याकडेच होता. रोज सकाळी तारीख, वार, सुविचार, हजर संख्या. टाचण्यांची डबी तिच्या दप्तरात असायची.

म्हणून मी ती यादी तिच्याच हातात दिली. मला काही वाटलंच नाही. कागद फलकावर लावायचा असला की तो तिच्याकडे द्यायचा, एवढंच माझ्या हाताला माहीत होतं. ती व्हरांड्यात गेली. मी दारातून बघत होतो. तिने यादी वरून खालपर्यंत वाचली. मग चार कोपऱ्यांना चार टाचण्या लावल्या, कागद सरळ आहे का ते मागे सरून पाहिलं, आणि आत येऊन आपल्या जागेवर बसली.

दोन दिवसांनी मला पुन्हा माहिती भरायची होती. म्हटलं, "पुढचा धडा वाच गं."

ती उठली नाही. म्हणाली, "सर, मी यादीत आहे."

वर्गात कुणी हसलं नाही. मी दुसऱ्याला वाचायला सांगितलं. तो यादीत नव्हता, पण वाचता त्यालाही फारसं येत नव्हतं. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत ती माझ्या तासाला एकदाही मोठ्याने वाचली नाही. लेखी परीक्षेत पहिली आली. तोंडी परीक्षेच्या वेळी मी तिला पुस्तक पुढे केलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी न ऐकताच पूर्ण गुण दिले आणि फार मोठं मन केल्यासारखं मला वाटलं.

यादी उतरवली नाही. साहेब पुन्हा आले तर, म्हणून ठेवली. मार्चमध्ये पालकसभा झाली तेव्हाही ती तिथेच होती.

आमच्या शाळेत आठवीपर्यंतच वर्ग आहेत. नववीला मुलं एसटीने बोर्लीला जातात. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला न्यावा लागतो. त्या वर्षी आठवीत नऊ मुलं होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोठ्या बाईंनी कपाट आवरलं आणि एक दाखला माझ्या टेबलावर ठेवला.

"आठ गेले. हा राहिलाय."

मी नाव वाचलं.

"घरी जाऊन या," बाई म्हणाल्या. "तिच्या बापाने पाठवणार नाही म्हटलंय, असं अंगणवाडीच्या बाई सांगत होत्या."

"का?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "ते तुम्ही विचारून या."

गेलो. तिचे वडील घरीच होते, नांगराचा फाळ बघत. मुंबईत बारा वर्षं गोदामात काम करून आता गावी शेती करतात. मला खुर्ची दिली, चहा आला. मी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. ते मी बऱ्यापैकी सांगतो, दर वर्षी सांगावं लागतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग फोन काढून एक फोटो माझ्यापुढे धरला. फलकावरच्या यादीचा. पालकसभेच्या दिवशी काढलेला.

"अक्षर तुमचाच हाय ना, गुरुजी?"

"हो. माझंच."

"ह्यो फोटो माज्या भावाला पाठवला मुंबईला. त्याने वाचून सांगितला. पोरगी वाचण्यात मागं हाय. मी तिला इचारला, तर बोलली, सरांनी लिवलाय ना, मग असंल." त्यांनी फोन खिशात टाकला. "लहानपणी बोटीत बडबडायची, पेपरात पयली आली, ता पाठ केलेला असंल. आमाला काय कळतंय. रोज एसटीने जायचा, यायचा, आन तिकडं जाऊन नापास व्हायचा. त्यापरीस घरात मदत करील. दोन वर्षांनी बघू काय ते."

मुलगी आतल्या दाराशी उभी होती. तिच्या हातात माझ्या चहाची ताटली होती.

खरं सांगायची वेळ दुसऱ्यांदा आली होती. मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "तसं नाही हो भाऊ. सुधारेल ती."

सुधारेल! म्हणजे यादी खरी होती, हे मी तिच्यादेखत पुन्हा एकदा सांगितलं. ती ताटली घेऊन आत गेली. मी चहा संपवला. चहा चांगला होता, हेही आठवतं, आणि आठवतं याची लाज वाटते.

शाळेत परत आलो तर बाईंनी नवीन वर्षाचं नियोजन मागितलं होतं. फाइल उघडली. गुलाब. वर्ष बदलायला कर्सर नेला आणि फाइल बंद केली. त्या दिवशी नियोजन दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या सहा वर्षांच्या हजेऱ्या काढून बसलो. जुलैची पानं खाड्यांनी भरलेली. गणपतीत दहा दिवस, शिमग्यात आठवडा. दिवाळीनंतरची पानं मात्र सलग भरलेली, नोव्हेंबरपासून पार फेब्रुवारीपर्यंत. माझ्या मुलांना वाचायला शिकवायचा काळ तोच होता, आणि त्या काळात मी तीन वर्षं कागदावर साखर कारखाना बघत होतो.

मित्राला फोन केला.

"तुझं ते नियोजन आहे ना, मी तीन वर्षं तसंच वापरलं."

"तसंच म्हणजे?"

"तसंच. ऊसतोडणीसकट."

तो म्हणाला, "अरे गाढवा, तुझ्याकडे ऊस कुठेय?"

"रसवंतीत."

"आणि मुलं कुठली घेतलीस जादा तासाला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, टाचण्यांपर्यंत. तो हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मी ते नियोजन बनवलं तेव्हा एकेका घरी जाऊन आलो होतो रे. कोण कधी जाणार, कधी येणार. दहा म्हणजे दहा पोरं होती ती." मग त्याला कुणीतरी हाक मारली आणि त्याने फोन ठेवला. त्यानंतर बराच काळ त्याने मला काही पाठवलं नाही.

नवीन नियोजन लिहायला मला पंधरा दिवस लागले. हाताने लिहिलं. जुलैत नवीन धडा नाही. प्रकट वाचन दिवाळीनंतर, रोज दोन मुलं, संपूर्ण धडा, फोन कपाटात ठेवून. क्षेत्रभेट दिघीची जेट्टी, फलक वाचन. बाईंनी वाचलं, सही केली, आणि तो राहिलेला दाखला फाइलीच्या वर ठेवला.

"कागद झाला," बाई म्हणाल्या. "आता हा पोचवा. प्रवेश बंद व्हायला आठवडा आहे."

दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवला आणि मधल्या सुट्टीत निघालो. त्या मुलीच्या घरची लावणी चालू होती. आमच्याकडे लावणीला शेजारपाजार एकमेकांच्या शेतात जातो, त्यामुळे अर्धी वाडी तिथेच होती. दहाबारा बायका रांगेने वाकलेल्या, तिचे वडील चिखलणी करत असलेले, आणि ती मुलगी बांधाकडेने रोपांच्या मुठी फेकत होती. मी छत्री घेऊन बांधावर उभा राहिलो. माझे बूट पॉलिश केलेले होते.

शेजारची एक म्हातारी कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "गुरुजी आलं गो! पोरं शाळेत येत न्हाईत म्हणून शाळाच शेतावर आणली वाटतं."

"त्यांना पण दे एक मूठ," दुसरी म्हणाली.

"नको बाई, वाकडी लावतील. परत आपल्यालाच उपटाय लागंल."

सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि तिच्या वडिलांना म्हणालो, "भाऊ, जरा इकडे येता? बोलायचं होतं."

"हितंच बोला की."

"जरा बाजूला..."

ते बैलांना थांबवून माझ्याकडे बघत उभे राहिले. आवाज चढवला नाही. "गुरुजी, यादी तुमी बाजूला लावलीवती का? अख्ख्या गावानी वाचली. काय हाय ता हितंच बोला."

बायकांची रांग थांबली. मी छत्री मिटली. का मिटली ते माहीत नाही, भिजायची काही गरज नव्हती. शर्टातून पिशवी काढली आणि सांगितलं. नियोजन दुसऱ्याचं होतं. घाटावरचं. तिथे ऊसतोडणीची दहा मुलं होती म्हणून मी इथे दहा मुलं दाखवली. तुमच्या मुलीला वाचता येत नाही हे खोटं आहे. ती शाळेत सगळ्यांत चांगली वाचते. मागच्या महिन्यात तुमच्या घरी आलो तेव्हाही मला हे ठाऊक होतं आणि मी बोललो नाही.

म्हातारीने विचारलं, "ऊस? हितं कुटं ऊस?"

"नाही, आजी. इथे ऊस नाही."

"ता तर आमाला पण ठाऊक हाय."

तिचे वडील बांधापर्यंत आले. पिशवीकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही. "हात चिखलाचं हायत. तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे आज. सकाळच्या गाडीने तिला घेऊन जातो बोर्लीला, वाटेत शाळेतनं उचलतो." मग म्हणाले, "मला सांगितलात ता झाला. पण नाव माजा न्हवता यादीत."

ती तिथेच उभी होती, हातात रोपांची मूठ. जानेवारीपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलली होती. आता तिने सरळ माझ्याकडे पाहिलं.

"सर, मला वाचता येतं हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"मग माझं नाव का घातलंत?"

शाळेतून निघताना मी या प्रश्नाची बरीच उत्तरं तयार केली होती. साहेबांचा दबाव, जुलैतले खाडे, कामाचा बोजा. सगळी चांगल्या अक्षरात लिहिता आली असती.

"दहा नावं हवी होती," मी म्हणालो. "माझ्याकडे आठच होती."

तिने मूठ खाली ठेवली आणि वाट बघत राहिली. एवढं पुरेसं नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

"यादी खोटी होती आणि ती मी लिहिली," मी म्हणालो. "वर ती लावायलाही तुझ्याच हातात दिली. तू मला सांगितलंस, सर, मी यादीत आहे, तेव्हाही मी ती काढली नाही. तुझी काही चूक नव्हती. माझं चुकलं. मला माफ कर."